व्हायवा उत्साहात पार पडली

माझी पीएचडीची व्हायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, सकाळी अकराला होती आणि ती उत्तम झाल्याची बातमी नऊलाच लागली.

मी विभागाच्या जिन्यात होते तेव्हा नवऱ्याचा फोन आला. "अभिनंदन, डॉक्टरीणबाई. अकराला आहे म्हणाली होतीस ना? एवढ्यात उरकलंसुद्धा?"

मी म्हटलं, "कसलं अभिनंदन? मी अजून पायऱ्या चढतेय."

"अगं, विभागाच्या पानावर आलंय. तुझ्या फोटोसकट."

त्याने ती बातमी तमाम नातेवाइकांना पाठवून दिली होती आणि सासूबाई शेजारीपाजारी सांगूनही आल्या होत्या. "आता परत कशी घेऊ गं?" तो म्हणाला. मला काय माहीत कशी घ्यायची.

काय घडलं असेल ते मी तिथेच ओळखलं. आमच्या इंग्रजी विभागात कुठल्याही कार्यक्रमाची बातमी आदल्या दिवशी लिहून ठेवतात. नंतर लिहायला कोणी हाताला लागत नाही, चहा झाला की सगळे पसार. त्यामुळे चर्चासत्र 'उत्साहात पार पडले', पाहुण्यांनी 'मौलिक विचार मांडले', हे सगळं आधीच तयार. मागे एकदा वक्ते आलेच नाहीत, तरी त्यांचे विचार मौलिक ठरले. तेव्हा मी पोट धरधरून हसले होते.

बातम्या लिहिणाऱ्या कंत्राटी प्राध्यापकाला आम्ही वार्ताहर म्हणतो. तो कॉम्प्युटरसमोर मान खाली घालून बसला होता.

"ताई, नुसती जपून ठेवायची होती. चुकून भलतंच बटण दाबलं गेलं. आत्ता काढलीय मी."

"परीक्षक बाईंनी बघितली असेल?"

"त्यांचं नाव जोडलं होतं बातमीत," तो म्हणाला. "त्यांना आपोआप गेली असणार."

त्याला चार शब्द सुनवावेत असं फार वाटलं, पण माझं सगळं लक्ष परीक्षक बाईंकडे लागलं होतं. परीक्षक बाई बाहेरच्या विद्यापीठातून आल्या होत्या आणि त्यांचा दरारा असा की लोक म्हणत, त्या स्वल्पविरामालासुद्धा घाम फोडतात. अशा बाईंनी आपण परीक्षा घेण्याआधीच आपण काय म्हणालो ते वाचलेलं. मला मुदतवाढ दोनदा मिळून चुकली होती, तिसरी नसते. आज प्रबंध दुरुस्तीला परत गेला की खेळ खलास. शाळेतली नोकरी, दोन मुली, सासूबाईंचे गुडघे, हे सगळं सांभाळून केलेलं आठ वर्षांचं काम पाण्यात.

माझे गाइड सर मात्र थंड होते. "घाबरू नकोस. बाईंना चौथ्या प्रकरणावर घेऊन ये. ते भक्कम आहे."

बातमीतही तेच होतं. 'परीक्षकांनी विशेषतः चौथ्या प्रकरणाचे कौतुक केले.' हे वाक्य सरांनी स्वतः वार्ताहराला सांगितलं होतं.

माझा विषय इंग्रजी कादंबऱ्यांमधल्या मोलकरणी. कोण किती बोलते, कोणाशी बोलते, कोण तोंडच उघडत नाही. चौथं प्रकरण गप्प राहणाऱ्यांवर होतं आणि त्यातला सिद्धान्त सरांचा होता: या बायकांचं मौन म्हणजे बंड. तरुणपणी त्यांनी तो मांडला तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. माझ्या प्रबंधातून तो पुन्हा उभा राहील अशी त्यांना आशा होती. मला तो कधीच पटला नाही. पण सही सरांची लागते, म्हणून मी नंदीबैलासारखी मान हलवत लिहून दिलं.

अकराला सभागृह भरलं. मी तासभर बोलले, कसं बोलले देव जाणे. मग परीक्षक बाईंनी चष्मा पुसला.

"मी चौथ्या प्रकरणाचं कौतुक केल्याचं सकाळी वाचलं," त्या म्हणाल्या. मागे कोणीतरी खोकलं. विभागप्रमुख छताकडे बघायला लागले. "कौतुक करावं असं त्यात काय आहे, ते तुम्हीच सांगा. हे मौन बंड आहे, असं तुम्हाला वाटतं?"

सर माझ्याकडे बघून हलकेच मान डोलवत होते. 'हो' म्हणायचं आणि पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हणायचं. तेवढंच होतं. पण भीतीनेही माणूस कधी कधी खरं बोलून जातं.

"नाही वाटत," मी म्हणाले. "त्या बोलत नाहीत कारण लिहिणाऱ्याने त्यांना वाक्यच दिलं नाही. मी घरात गप्प बसते ना, ते काही बंड म्हणून नाही. बोललं की विषय वाढतो म्हणून."

सभागृह हसलं. परीक्षक बाई हसल्या नाहीत. "मग हे प्रकरण लिहिलं का?"

मी सरांकडे बघायचं टाळलं. पण त्या टाळण्यातूनच सगळ्यांना उत्तर कळलं.

आम्हाला बाहेर पाठवलं. व्हरांड्यात मी उभी होते आणि हातातला फोन थांबायचं नाव घेत नव्हता. अभिनंदन, अभिनंदन, आत्याचं, मावसभावाचं, शाळेतल्या बाईंचं. एकेक वाचताना जीव नुसता टांगणीला लागत होता.

आत बोलावलं. प्रबंध पदवीसाठी मान्य. चौथं प्रकरण तेवढं काढायचं. किरकोळ दुरुस्ती, मुदतवाढीची गरज नाही. टाळ्या झाल्या. वार्ताहर रडवेला होऊन सगळ्यांत जोरात वाजवत होता.

सरांनी कागदांवर सही केली, पेन खिशाला लावलं आणि चहाला न थांबता निघाले. मी धावत जाऊन त्यांना जिन्यात गाठलं. ज्यांनी मला, चाळिशीच्या शाळामास्तरणीला, इतर कोणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा घेतलं, ते हे सर. माझी आई आजारी होती तेव्हा दवाखान्यात पुस्तकं घेऊन आले होते.

"सर, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तसंच म्हणायचं होतं," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "पटत नव्हतं तर इतक्या वर्षांत मला एकदा सांगायचंस. चारचौघांत कशाला?"

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. "सांगितलं असतं तर तुम्ही सही केली असती?"

सर कठडा धरून उभे राहिले. त्यांनी खरोखर विचार केला, मला दिसत होतं.

"नसती केली," ते म्हणाले, आणि एकेक पायरी बघत खाली उतरून गेले.