नेम त्याचा, बोल मला

मित्रांनो, मी एक जुनी शिकारी रायफल आहे आणि मी चिडलेली आहे. आपली कहाणी सांगताना जुन्या वस्तू जरा हळव्या होतात, हे मला ठाऊक आहे. मीही झाले असते. पण गेल्या हिवाळ्यात माझ्यावर जो आळ आला, तो आठवला की अजून माझे डोके तापते. मला डोके नाही म्हणता? मग नळी तापते म्हणा.

माझा जन्म चाळीस वर्षांपूर्वी इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. नळी पोलादाची आणि दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. दस्त्याच्या पुढच्या भागात एक लांब पन्हळ असते, तिच्यावर नळी तरंगती राहते. तरंगती म्हणजे लाकडाला कुठेही टेकत नाही. गोळी सुटताना नळी थरथरते आणि त्या क्षणी तिला लाकूड लागले, तर गोळी भलतीकडे जाते. म्हणून माझ्या कारागिराने दोघांच्या मध्ये कागद सरकेल एवढी फट राखली. ती फट म्हणजे माझा जीव आहे.

माझा पहिला मालक जंगलाचा राखणदार होता. हरणांना मारायचेच कशाला, असे तुम्ही विचाराल. इथल्या रानात त्यांना खाणारा लांडगा उरलेला नाही. संख्या वाढली की ती कोवळ्या रोपांचे शेंडे खुडून खातात आणि जंगल वर येतच नाही. म्हणून परवाना असलेली माणसे ती संख्या आटोक्यात ठेवतात. राखणदाराला या कामाचा आनंद कधी झाला नाही, पण हलगर्जीपणाही त्याने कधी केला नाही. रानात शिरण्याआधी तो कागदी निशाणावर तीन गोळ्या झाडायचा. तिन्ही भोके एका नाण्याखाली झाकली जायची. "गुणाची आहे," असे तो म्हणायचा, तेही मला नाही, आपल्या कुत्र्याला. पंचवीस वर्षे मी एवढ्या कौतुकावर खूश होते.

पुढे त्याचे गुडघे गेले आणि मी एका दुकानात धूळ खात पडले. चार वर्षांपूर्वी अवधूतने मला घेतले. अवधूत पुण्याचा, इथल्या रीडिंग शहरात सॉफ्टवेअरच्या ऑफिसात काम करतो. जेरेमी नावाच्या शेतकऱ्याने त्याला आपल्या रानात हरणे मारायची परवानगी दिली होती. घरी मला लोखंडी कपाटात ठेवतात. कपाटाची किल्ली फक्त अवधूतकडे असते, कारण परवाना त्याचा. त्याची बायको देवयानी मला हात लावत नाही आणि तशी तिची इच्छाही नाही. तेव्हा माझ्या बाबतीत जे काही झाले ते कोणाच्या हातून झाले, हा प्रश्न तुम्हाला पडायला नको. अवधूतला मात्र तो पडला!

झाले असे. खंडेनवमीला अवधूतच्या वडिलांकडे पाने, पक्कड, स्कूटर, सगळ्यांची पूजा व्हायची. ती आठवण काढून त्याने गॅरेजमध्ये पाट मांडला. लॅपटॉप, ड्रिल मशीन, गाडीची किल्ली आणि मधोमध मी. खरे सांगते, मला बरे वाटले. चाळीस वर्षांत मला कोणी झेंडूचे फूल वाहिले नव्हते. त्याने ओले कुंकू लावले, हळद लावली आणि कुंकवात भिजवलेल्या भरपूर अक्षता वाहिल्या. त्याच ओल्या अक्षतांतले काही दाणे माझ्या फटीत घरंगळले आणि लाकडाला चिकटून बसले. अवधूतने फोटो काढला, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, मला वरवर पुसले आणि कपाटात ठेवून दिले. फोटोला चाळीस अंगठे आले. फटीत बघायला मात्र एकालाही सुचले नाही.

मी ओरडत होते, मित्रांनो. पण आमचे ओरडणे कोणाला ऐकू जाते?

नोव्हेंबरातल्या एका ओल्या सकाळी तो मला घेऊन जेरेमीच्या रानात गेला. दसऱ्यापासून त्याने कागदावर एकही गोळी झाडलेली नव्हती. दमट हवेने माझे लाकूड फुगले होते आणि ते दाणे आता नळीला पाचरीसारखे ढकलत होते. समोर एक भेकर आले. हो, आपल्याकडच्या भेकराचाच हा भाऊबंद, कोणे एके काळी चीनमधून इथे आणलेला. अवधूतने नेम नीट धरला होता, हे मी कबूल करते. चाप ओढला आणि माझी गोळी चार बोटे बाजूला गेली.

जनावर पडले नाही. ते लंगडत काट्यांत शिरले. जेरेमीच्या कुत्र्याने ते शोधून काढेपर्यंत आणि जेरेमीने त्या जनावराला वेदनांतून सोडवेपर्यंत तीन तास गेले. त्या तीन तासांबद्दल मी तुम्हाला जास्त सांगणार नाही. पंचवीस वर्षांत माझ्या हातून असे कधी घडले नव्हते.

जेरेमी आवाज चढवत नाही. तो एवढेच म्हणाला की, पंधरा दिवसांत ही बंदूक सरळ चालते हे कागदावर दाखव, नाहीतर माझ्या रानात पुन्हा पाऊल टाकू नकोस.

आणि अवधूत काय म्हणाला, माहीत आहे? घरी येऊन त्याने मला गॅरेजच्या टेबलावर आदळले.

"डबडं आहे हे! बॅरल पार वर्न आउट झालंय."

"तिच्यावर कशाला ओरडतोस?" देवयानी दारातून म्हणाली. "गेल्या वर्षी तर नीट होती ना?"

"जुनं मॉडेल आहे गं. मी दोन वीक्स ट्राय करतो. नाही सुधारली तर पोलिसांकडे सरेंडर करतो, टाकू देत वितळवून."

वितळवून! चूक याची आणि भट्टी माझ्या वाट्याला! माझ्याकडे पंधरा दिवस होते आणि ते एका उतावळ्या माणसाच्या हातात होते.

पुढचे दहा दिवस त्याने माझा छळ मांडला. दुर्बीण बदलली. तिचे स्क्रू इतके आवळले की कडकड वाजले. दुसऱ्या जातीची काडतुसे आणली. नळीतून ब्रश फिरवून फिरवून ती आतून खरवडली. मला टेकवायची वाळूची पिशवीसुद्धा नवी घेतली. हे सगळे त्याने एकदमच बदलले आणि मग निशाणावर भोके पडली ती रांगोळीच्या ठिपक्यांसारखी लांब लांब. दर खेपेला तो मला नवी शिवी द्यायचा. वाऱ्याला दोष देऊन झाला, राखणदाराला देऊन झाला, मला तर रोजच. एका माणसाचे नाव तेवढे त्याच्या यादीत नव्हते.

चार दिवस उरले असताना नेमबाजीच्या रेंजवर सियोनकाका भेटले. काका मुंबईचे मराठी ज्यू, पन्नास वर्षांपूर्वी इकडे आले आणि आयुष्यभर कारखान्यात फिटर होते. ते शिकार करत नाहीत, फक्त कागदावर नेम धरतात.

"काय काय बदललंस?" त्यांनी विचारले.

"सगळंच, काका. स्कोप, माउंट्स, ॲम्युनिशन. रेस्टपण."

"मग बिघाड कशात होता ते तुला कळणार कसं? ऑफिसात असंच करतोस?"

अवधूतचे कान लाल झाले. एका वेळी एकच बदल करा, असे तो ऑफिसातल्या पोरांना रोज सुनावतो.

काकांनी जुनी दुर्बीण परत लावायला सांगितली, जुनी काडतुसे मागितली आणि माझे स्क्रू हलक्या हाताने पुन्हा बसवले. मग त्यांनी शांतपणे तीन गोळ्या झाडल्या. पहिली मध्याच्या जवळ, दुसरी वर उजवीकडे, तिसरी आणखी वर. "तापली की सरकते," ते पुटपुटले. "म्हणजे नळी टेकतेय कुठंतरी." खिशातून त्यांनी पार्किंगचे तिकीट काढले, पुढून माझ्या फटीत सरकवले आणि हळूहळू मागे नेले. निम्म्यावर ते अडले.

तेव्हा मला हात असते, तर मी त्या म्हाताऱ्याला मिठी मारली असती.

त्यांनी दोन स्क्रू काढून मला दस्त्यातून उचलले. पन्हळीत सात लाल दाणे वाळून बसले होते. काकांनी ते नखाने खरवडून तळहातावर घेतले आणि चष्मा वर केला.

"या अक्षता आहेत रे. लग्न कुणाचं होतं?"

अवधूतचा चेहरा पडला. "खंडेनवमीला... मीच पूजा केली होती." आणि दुसऱ्याच क्षणी तो खुलला. "म्हणजे बॅरल ओके आहे! थँक गॉड!"

काकांनी टेबलावर थाप मारली. "बॅरल ओकेच होतं. ते जनावर ओके होतं का?"

अवधूतने ते सात दाणे काकांच्या तळहातावरून उचलून घेतले.

"पूजा केलीस, चांगलं केलंस. मुंबईला आमच्या वर्कशॉपात दामले करायचे, मी हक्कानं प्रसाद खायचो. पण दुसऱ्या दिवशी लेथ पुसून, रिकामं फिरवून बघितल्याशिवाय त्यांनी त्यावर जॉब लावला नाही. तू दसऱ्यानंतर कागदावर एक तरी राउंड मारलास?"

"नाही, काका."

"टेस्ट न करता लाइव्ह गेलास. जिवंत जनावरावर."

हे वाक्य त्याला लागले. बाकी सारे बोलणे विसरला असता, पण हे त्याच्या धंद्याच्या भाषेत होते. काकांनी पन्हळ साफ केली, मला जोडले, आणि अवधूतच्या हातून तीन भोके पुन्हा एका नाण्याखाली मावली. तरी तो हसला नाही. तो कागद घेऊन तो थेट जेरेमीकडे गेला. मी गाडीत पेटीत बंद होते, पण काच उघडी होती.

"द गन वॉज फाइन," तो म्हणाला. "इट वॉज मी."

कागद उलगडल्याचा आवाज आला. मग जेरेमीने अट घातली: रानात यायच्या आधी, दर वेळी, कागद दाखवायचा. माझी भट्टी टळली.

फेब्रुवारीत कागद दाखवून आम्ही पुन्हा गेलो. कुंपण ओलांडताना अवधूतचा पाय घसरला आणि माझी दुर्बीण फाटकावर आपटली. त्याने मला उलटसुलट बघितले. वरून काहीच दिसत नव्हते, पण दुर्बीण केसभर सरकली तरी गोळी चुकते. पंधरा मिनिटांत, पन्नास पावलांवर, एक भेकर रोपांचे शेंडे खात उभे राहिले, अगदी बाजू समोर करून. अवधूतने मला खांद्याला लावले. त्याचा श्वास माझ्या लाकडावर येत होता आणि मी मनातल्या मनात किंचाळत होते. मग त्याने मला खाली घेतले, काडतूस काढून खिशात टाकले आणि भेकराचे खाणे होईपर्यंत तिथेच बसून राहिला.

"काही दिसलं नाही का आज?" घरी देवयानीने विचारले.

"होतं समोर. पण रायफल आपटली होती, माझ्याकडून. आधी चेक करायला हवी."

माझ्याकडून! चार वर्षांत हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

माझा राग गेला का, मित्रांनो? नाही. ते तीन तास कोणीही परत घेऊ शकत नाही आणि ते माझ्याच गोळीचे आहेत. म्हणून तुमच्याकडे एक मागणे आहे, आणि ते मी हात जोडून नाही, रागावूनच मागते आहे. तुमच्या सायकलचा ब्रेक लागला नाही, पेन गळले, घड्याळ मागे पडले, तर शिवी द्यायच्या आधी त्या वस्तूला शेवटचा हात कोणी लावला होता ते आठवा. आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला वाकून बघता येते. तेवढे बघा.