आईला आणायचं काम

लिफ्ट बसवणाऱ्या माणसांना प्रकल्प व्यवस्थापनाचं प्राथमिक प्रशिक्षण द्यायचं, हे कंपनीत कुणाच्या डोक्यात आलं देव जाणे. पण आलं खरं, आणि फिटर, वायरमन आणि ड्रॉइंग काढणाऱ्या ताई एका टेबलाभोवती बसवले गेले. पालथ्या घड्यावर पाणी, असं फिटरचं मत होतं. निम्मं आयुष्य लिफ्टच्या खड्ड्यात लोंबकळून काढलेल्या माणसाला आता काम कसं करायचं ते फळ्यावर शिकवणार.

शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, घरचं एखादं काम घ्या आणि त्याची आखणी करा. फिटर खुलला. त्याच्याकडे काम तयारच होतं. येत्या रविवारी तो आईला तिच्या घरातून आपल्याकडे कायमची आणणार होता. बायको गेल्यापासून घरात तो एकटाच, तेव्हा जागेची अडचण नव्हती. खोलीला रंग झाला होता. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला होता, तोही लिफ्टमधला, म्हणजे हत्ती लोंबकळला तरी हलायचा नाही. दरवाजा चाकाची खुर्ची जाईल इतका रुंद करून घेतला होता. आईला चाकाची खुर्ची लागत नव्हती. तिचे गुडघे फिटरच्या गुडघ्यांपेक्षा धड होते. पण माणसानं पुढचा विचार करावा.

"उद्देश काय?" मॅडमनी विचारलं.

"आईची सोय."

"छान. आता या कामाशी संबंध असलेली माणसं सांगा. मग प्रत्येकानं त्यातलं एकेक माणूस व्हायचं आणि त्याला काय हवंय ते बोलायचं."

फिटरनं भराभर सांगितलं. भाऊ, टेम्पोवाला, सुतार, खालच्या मजल्यावरचे काका, कारण आईचा पलंग त्यांच्या दारावरून वर न्यायचा होता. मॅडम वाट बघत राहिल्या.

"आणि आई?" ताई म्हणाल्या.

"ती सामानात धरलीय."

वायरमनला आई व्हायला सांगितलं. एवढ्या मोठ्या मिशांचा गडी, पण खुर्चीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मला विचारलंस का रे कधी?"

सगळे हसले. फिटरला हसू आलं नाही. "आईला काय विचारायचं त्यात?" तो म्हणाला.

"दादा, गिऱ्हाईकाच्या सहीशिवाय आपण लिफ्टचं बटण दाबू देत नाही कुणाला."

हे फिटरनंच त्याला शिकवलं होतं, तेही शिव्या घालून. आता रंगबिंग झाल्यावर विचारायचं म्हणजे वरातीमागून घोडं. तरी चहाच्या सुट्टीत त्यानं बाहेर जाऊन आईला फोन लावला.

"आई, रविवारी तुला यायचंय ना?"

"विचारतोयस की सांगतोयस?"

"विचारतोय."

"मग नाही," आई म्हणाली. "टेम्पो सकाळी येईल म्हणून कळवून मोकळा झालास. मी काय पोतं आहे उचलून न्यायला? हातपाय चालतायत माझे, शेजार आहे. माझी सोय माझी मी बघते."

फिटरला फार वाईट वाटलं. बरं म्हणून फोन ठेवायचा, तर ठेववेना.

"मला घरात करमत नाही गं," तो म्हणाला. हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "संध्याकाळी कुलूप उघडायला नको वाटतं."



"मग हे आधी सांगायला तोंडाला काय झालं होतं?" आई म्हणाली. "आपलं केव्हाचं माझी सोय, माझी सोय. येते मी. पण एक पिशवी घेऊन येणार, आणि मनात येईल तेव्हा परत जाणार. चालेल?"

"चालेल."

तो टेबलाशी येऊन बसला. मॅडमनी विचारलं, आखणीत काही बदल?

"टेम्पो रद्द," फिटर म्हणाला. "पलंग रद्द."

आणि बाहीनं डोळे पुसले. वायरमन अजून मांडी घालूनच बसला होता. त्यानं काही न विचारता खिशातला रुमाल काढून दिला.