सांडोरच्या वर्गाची हलकी सीडी

मित्रांनो, मी एक जुनी सीडी आहे. गाण्यांची नाही आणि सिनेमाचीही नाही. माझ्या पाठीवर निळ्या मार्करने 'हलकी' एवढा एकच शब्द लिहिला होता, तोही आता अर्धा पुसलाय. साध्या सीडीवर एकदा लिहिलं की ते कायमचं. माझ्या जातीच्या सीडीला मात्र पुसून पुन्हा लिहिता येतं, पाटीसारखं म्हणा ना. देवाने दिलेली ही देणगी एका मुलीच्या कशी उपयोगी पडली, ते आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते माणिकपूरच्या एका दुकानातलं काचेचं कपाट. दोन हजार पाच साल असेल. संगणक दुरुस्त करणारा सिद्धेश तिथे आला आणि म्हणाला, "साधी नको. पुसता येणारी द्या. मी चुका फार करतो."

"चुका करणारं गिऱ्हाईक मला आवडतं," दुकानदार म्हणाला. "मग साध्याच दहा ने की."

सिद्धेश हसला आणि मलाच घेऊन निघाला.

त्याला माझी गरज का पडली, ते सांगते. सांडोरला केळीच्या वाड्यांमध्ये महिला मंडळाची एक खोली होती. तिथे मीराताई संगणकाचा वर्ग चालवत. मुंबईच्या कुठल्याशा कचेरीने काढून टाकलेले संगणक त्यांना दान मिळाले होते. दान मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण ही गाय उठायलाच तयार नव्हती. बटण दाबून मीराताई जपाला बसत. माळ पुरी होई, तरी पडद्यावर वाळूचं घड्याळ तसंच असे.

संगणकाला आधी एक मूळ प्रणाली घालावी लागते. ती असली तरच बाकीची कामं चालतात. ती मूळ सीडीवरून येते, आणि त्या सीडीत साऱ्या जगाला पुरेल एवढं सामान भरलेलं असतं. कुणाला काय लागेल सांगता येत नाही, म्हणून बनवणारे सगळंच देतात. नव्या संगणकाला ते पेलतं. सांडोरच्या म्हाताऱ्या संगणकांना पेलत नव्हतं.

सिद्धेशने मग एक युक्ती केली. मूळ सीडीतलं सगळं त्याने आपल्या संगणकात उतरवून घेतलं. एका छोट्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक भागापुढे एक चौकोन होता. नको त्या भागावर खूण करायची, म्हणजे तो भाग वगळून नवी, हलकी सीडी तयार होते. सिद्धेश खुणा करत सुटला. परदेशी भाषा गेल्या, शेकडो प्रिंटर गेले, डोंगरांची नि फुलांची चित्रं गेली. पत्त्यांचा खेळ गेला. हरवलेली फाईल शोधताना शेपूट हलवणारा एक कुत्रा होता, तोही बिचारा गेला. मराठी मात्र त्याने जपून ठेवली. वर्गात मराठी टायपिंग शिकवत असत, आणि ते त्याच्या लक्षात होतं.

उरलेलं सगळं त्याने माझ्यावर लिहिलं. पहिला प्रयोग फसला. संगणक सुरू झाला, त्याने नाव विचारलं, आणि नाव टाकायला कीबोर्डच चालेना.

"याला उपास करायला सांगितलं होतं," सिद्धेश कपाळाला हात लावून म्हणाला, "याने समाधीच घेतली."

त्याने मला पुसलं. पुसताना दुखत नाही, मित्रांनो. अंगावरून ऊन सरकत गेल्यासारखं वाटतं आणि मग आपल्यावर काय लिहिलं होतं, तेवढं आठवत नाही. असं बरेचदा झालं. शेवटी एकदा सगळं नीट जमलं, आणि त्याने माझ्या पाठीवर तो शब्द लिहिला.

वर्गाची परीक्षा जवळ आली होती. सिद्धेशने मला एकेका संगणकात घालून सगळे संगणक नव्याने तयार केले. वर्गातल्या बायका बघतच राहिल्या. "अगो बाई, बटणावरून बोट उचलायच्या आत सुरू झाला," एक जण म्हणाली. मीराताईंनी मला कुंकवाचं बोट लावलं. सिद्धेश म्हणाला, "ताई, पुसून टाका ते, आत गेलं तर मशीन बिघडेल." मीराताईंनी पदराने हलकेच पुसलं. माझ्या आयुष्यातलं ते मोठं कौतुक. मला वाटलं, आपल्यात आता काही उणं नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी रिचेल आली. ती सांडोरचीच. आठवडाभर तापाने घरी होती, त्यामुळे संगणक नव्याने तयार केल्याचं तिला ठाऊक नव्हतं. लहानपणीच्या एका अपघाताने तिचा डावा हात निकामी झाला होता. तिच्या आईची, बर्थाबाईंची, भाजीची वाडी होती. वाडीचं काम दोन हातांचं. नातेवाईक रिचेलच्या देखत म्हणत, "हिचं पुढं कसं व्हायचं?" माणिकपूरच्या एका शाळेच्या कचेरीत मराठी टायपिंग येणारी मुलगी हवी होती, पण त्यासाठी या परीक्षेचं सर्टिफिकेट लागणार होतं. तिच्या 'पुढं कसं'चं उत्तर त्या एका कागदात होतं.

एका हाताने ती टाइप कशी करत होती? संगणकात एक सोय असते. शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबली की टिंग असा आवाज होतो आणि संगणक विचारतो, तुम्हाला कळा एकामागून एक दाबायच्या आहेत का? हो म्हटलं की शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही. आधी शिफ्ट दाबून सोडायची, बारीक टिक वाजतं, मग अक्षर दाबायचं. मराठीत ही शिफ्ट पावलोपावली लागते. 'आई' एवढासा शब्द, पण त्याच्या दोन्ही अक्षरांना शिफ्ट हवी.

रिचेल खुर्चीवर बसली आणि शिफ्ट पाच वेळा दाबली. काहीच झालं नाही. तिने पुन्हा दाबली. मग ती उठून शेजारच्या संगणकावर गेली. तिथेही तेच. कुणाला काही न विचारता तिने दप्तर उचललं.

"मीराताई, मी पुढच्या खेपेला बसते परीक्षेला."

"का गं? ताप उतरला ना?"

"उतरला. पण जमायचं नाही."

मीराताईंनी जास्त विचारलं नाही. शेजारची खुर्ची ओढून त्या बसल्या. "जमायचं नाही म्हणजे कसं, ते मला टाइप करून दाखव," त्या म्हणाल्या.

रिचेल टाइप करू लागली. अंगठ्याने शिफ्ट दाबून धरायची आणि बोट ताणून अक्षराला पोचवायचं. बोट घसरे, चूक होई, पुन्हा पहिल्यापासून. परीक्षा वेळ लावून होती. एक ओळ होईपर्यंत तिच्या कपाळावर घाम आला. मीराताईंनी सिद्धेशला फोन केला.

तो आला, त्याने पाहिलं आणि सहज म्हणाला, "ते होय? ते मी काढलंय. कोणी वापरत नाही ते, ताई. सगळेच काढतात."

"सगळेच म्हणजे कोण?"

"इंटरनेटवरचे लोक."

"ते येतात का सांडोरला शिकायला?"

मीराताईंचा आवाज कधी चढत नसे, तसा तेव्हाही चढला नाही. त्यांनी स्टोव्हवरचा चहा गाळला.

सिद्धेश जरा वरमून म्हणाला, "पण ताई, काहीतरी सोडल्याशिवाय हलकं होत नाही. तुम्हीच नाही का चातुर्मासात साखर सोडलीय?"

"सोडलीय ना. माझ्या कपातली," मीराताई म्हणाल्या आणि त्याच्यापुढे कप ठेवला. "तुझ्यात दोन चमचे घातलीय. बघ, कमी वाटली तर."

सिद्धेशने एक घोट घेतला.

मित्रांनो, काढलेला भाग एक टिचकी मारून परत येत नव्हता. तो माझ्यात नव्हताच, तर मी संगणकाला कुठून देणार? मूळ सीडी घातली असती तर रिचेलचा संगणक पुन्हा रांगू लागला असता आणि वेळ तशीच गेली असती. उपाय एकच होता. मला पुसायचं, यादी नव्याने लावायची आणि पुन्हा लिहायचं. त्यात चार वाजता वीज जायची. त्या वर्षी भारनियमन फार होतं. लिहिता लिहिता वीज गेली की सगळं वाया.

"राहू दे ना दादा," रिचेल म्हणाली. "माझ्या एकटीसाठी कशाला?"

"तू तेवढं सांग, आणखी काय काय वापरतेस?" सिद्धेश म्हणाला. "आता मला अंदाज नाही करायचा."

"तेवढंच." मग जरा थांबून म्हणाली, "आणि तो पत्त्यांचा खेळ."

"तो कशाला?"

"माउसची सवय होते."

"खोटं नको बोलूस," मीराताई म्हणाल्या. "गेल्या रविवारी तुझी आई सांगत होती, घरी पण पत्तेच पत्ते."

रिचेल हसली. आल्यापासून पहिल्यांदाच.

सिद्धेश मला घेऊन माणिकपूरला आपल्या दुरुस्तीच्या दुकानात गेला. त्याने मला आत सरकवलं आणि अंगावरून ते ऊन पुन्हा सरकलं. कौतुक झालेली ती मी गेली. मला वाईट वाटलं का? त्या क्षणी वाटायला मी उरलेच नव्हते. मग नवं लिहिणं सुरू झालं. मी गरगर फिरत होते आणि सिद्धेश एकदा घड्याळाकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. लिहून झालं, कप्पा उघडला, मी बाहेर आले. त्याने मला पाकिटात घातलं, आणि दुकानातला पंखा हळूहळू थांबला. वीज गेली होती.

सांडोरला वीज आली तेव्हा चर्चची संध्याकाळची घंटा होऊन गेली होती. मला रिचेलच्या संगणकात घातलं. मीराताई एका कोपऱ्यात काहीतरी पुटपुटत बसल्या होत्या. रिचेल उभीच होती. काम पुरं झाल्यावर सिद्धेश स्वतः खुर्चीवर बसला. डावा हात त्याने पाठीमागे नेला आणि उजव्या हाताच्या एका बोटाने शिफ्ट पाच वेळा दाबली.

टिंग.

तो तसाच, एका हाताने, 'आई' लिहू लागला. आधी शिफ्ट विसरला, मग अक्षर चुकलं. बऱ्याच खटपटीने तो शब्द उमटला.

"दादा," रिचेल म्हणाली, "या वेगाने उद्या तुम्ही नापास."

"मान्य," सिद्धेश म्हणाला आणि खुर्चीवरून उठला. "बस तू."

ती बसली आणि तिची बोटं पावसाच्या सरीसारखी चालली. सिद्धेश पाहत राहिला. या वर्गात तो वर्षभर येत होता, पण तिला टाइप करताना तो तेव्हा पहिल्यांदा पाहत होता.

परीक्षेला बाहेरचे एक परीक्षक आले होते. खोली शांत होती, नुसता कळांचा आवाज. मध्येच एका संगणकातून बारीक टिकटिक येई. परीक्षकांनी मान वर केली. "हा कसला आवाज?"

"तिची शिफ्ट आहे, सर," मीराताई म्हणाल्या.

ते रिचेलच्या मागे जाऊन क्षणभर उभे राहिले आणि परत येऊन बसले. "चालू द्या," म्हणाले.

रिचेल पास झाली. पहिली वगैरे नाही, पण चांगली पास झाली, आणि शाळेच्या कचेरीत तिला ते काम मिळालं. सिद्धेशने पुढे पुष्कळ ठिकाणी अशा हलक्या सीड्या करून दिल्या. पण आता तो आधी तिथल्या माणसांना आपापलं काम करायला सांगे आणि स्वतः मागे उभा राहून नुसता बघत बसे. लोक म्हणत, हा दुरुस्तीला आलाय की मुलगी बघायला?

मग माझे दिवस सरले. वर्गात नवे संगणक आले, त्यांना हलक्या सीडीची गरज नव्हती. खिशात मावणारे पेनड्राइव्ह आले. मी एका खणात रिकाम्या रिफिली आणि तुटलेल्या वायरींबरोबर पडून राहिले. माझ्यावर चरे पडले. आता मला कुठलाही संगणक वाचू शकत नाही. खण आवरताना सिद्धेश मला टाकणार होता, तेव्हा रिचेल म्हणाली, "मला द्या." हल्ली मी तिच्या कचेरीतल्या टेबलावर असते. ती माझ्यावर चहाचा कप ठेवते. टेबलावर डाग पडत नाहीत, एवढाच माझा उपयोग.

माझी तक्रार नाही. वस्तू जुनी व्हायचीच, ते तिच्या कपाळी लिहिलेलं असतं. तुम्ही घर आवरा, खण आवरा, जुनं काढा, हलके व्हा. त्यात पुण्यच आहे. फक्त, मित्रांनो, एक विनवणी. जे तुमचं एकट्याचं नाही, त्यातलं काही नको म्हणून काढण्याआधी दुसऱ्याच्या शेजारी घटकाभर बसा. त्याचा हात कुठे जातो ते बघा. तो स्वतःहून सांगणार नाही. बरीच माणसं न सांगताच दप्तर उचलतात.

परवा कचेरीत नवी रुजू झालेली मुलगी रिचेलचं टेबल पुसत होती. तिने मला उचलून उलटसुलट पाहिलं. "रिचेलताई, ही चालत तरी नाही. टाकू का?"

रिचेल टाइप करत होती. तिने मान वर केली नाही.

"राहू दे गं," ती म्हणाली. "जागा कितीशी घेते?"