ऑर्फियसची फरशी

शुक्रवारी दुपारी मिनल मेश्राम दवाखान्यात बाबांच्या औषधांच्या रांगेत उभी असताना अश्विन घाटेंचा फोन आला.

"सोमवारी ब्रेकरवाला येतोय. हॉलमधली फरशी फोडून काढतोय. तुला आधी सांगावं म्हटलं."

मिनल रांगेतून बाहेर आली. "काहून सर? काय झालं?"

"आई पडली. खुब्याचं हाड मोडलं. फरशीतल्या त्या चित्राला देव समजून ती त्यावर पायच देत नव्हती गं. रोज भिंतीच्या कडेकडेनं जायची. परवा तिथं पाणी सांडलं होतं."

घाटेंनी सिसिलीच्या सहलीत जुन्या रोमन हवेल्यांच्या जमिनी पाहिल्या होत्या. रंगीत दगडांच्या बारीक तुकड्यांनी भरलेल्या, त्यांच्या पुराणकथांच्या. शहराबाहेर बेसाला बंगला बांधताना त्यांनी तशीच एक मागितली. चित्र मिनलनं काढलं, ती चित्रकला शिकलेली. दगड तिच्या बाबांनी, अनंत मिस्त्रींनी कापले. अकरा महिने लागले. मधोमध वीणेसारखं वाद्य घेऊन बसलेला, त्या पुराणकथांतला गायक ऑर्फियस आणि भोवती त्याचं गाणं ऐकणारी जनावरं. अनंत मूळचे पारशिवनीकडच्या जंगलपट्ट्यातले. ते म्हणाले, जनावरं आपलीच घेऊ. मग वाघ आला, रानगवा आला, नीलगाय आली, एक लंगूर आला.

दहाव्या महिन्यात त्यांचा खोकला थांबेना. तीस वर्षांची दगडाची भुकटी फुफ्फुसात बसली होती. शेवटचं कोपऱ्यातलं काम मिनलनं एकटीनं केलं. आता बाबा दिवसभर नाकात नळी लावून खाटेवर बसत आणि पॉलिश झालेल्या फरशीचा फोटो मोबाईलवर मोठा करून पाहत. त्यांनी ती पुरी झालेली प्रत्यक्ष पाहिलीच नव्हती.

"सर, मले दोन दिवस द्या. मी ती उचलून नेतो," मिनल म्हणाली.

"उचलून? जमिनीतून?"

"तिकडं जुन्या जमिनी तशाच काढतात. व्हिडिओत पाहिलं आहे."

"सोमवारी सकाळपर्यंत," घाटे म्हणाले.

तिनं बाबांना काही सांगितलं नाही. मांजरपाटाचं कापड आणि चिकटवायचा सरस घेऊन शनिवारी उजाडताच ती बेसाला पोचली. वाघावर कापड पसरलं, त्यावर गरम सरस फासला, पंख्याखाली पाच तास वाळू दिला. मग कडेनं छिन्नी घातली. दगड कापडाला चिकटून वर येतील आणि खालचा थर सुटेल, असं तिला वाटलं होतं. कापड टरकन सुटलं. एकही तुकडा आला नाही. तिनं दुसरीकडे करून पाहिलं, मग तिसरीकडे. चौथ्यांदा छिन्नीवर जोरात हातोडा मारला तेव्हा वाघाचा कान फुटला.

ती तिथंच बसली. रोमन लोकांनी जमिनी चुन्यात बसवल्या होत्या, म्हणून त्या निघत होत्या. ही बाबांनी सिमेंटात बसवली होती. दोनशे वर्षं हलली नाही पाहिजे, असं म्हणत त्यांनी स्वतः माल कालवला होता. मिनलनं सरसानं माखलेले हात तोंडावर घेतले आणि ती मोठ्यानं रडली.

रविवारी सकाळी ती घाटेंच्या आईकडे, कौसल्याबाईंकडे, दवाखान्यात गेली. एकच मार्ग उरला होता, फरशी फोडू नको असं आजींनीच मुलाला सांगण्याचा.

"आजी, तो देव नाही. त्यावर पाय पडला तर चालते. तिकडचे लोक चालतच होते."

"मग कोण आहे तो?"

"गाणारा होता. त्याची बायको साप चावून मेली. तो तिले आणाले मेलेल्यांच्या देशात गेला. तिले घेऊन येताना मागं वळून पाहू नको म्हणून सांगितलं होतं. त्यानं पाहिलं, आणि ती परत गेली."

आजींचे यजमान जाऊन चार वर्षं झाली होती.

"अगं, मग तर मुळीच नाही जमायचं मला," त्या म्हणाल्या. "देवाची माफी तरी मागता येते. बायकोसाठी रडणाऱ्याच्या तोंडावर पाय कसा देऊ?"

घरी येऊन मिनलनं बाबांना सगळं सांगितलं. वाघाच्या कानाचंही सांगितलं.

अनंत मिस्त्रींनी मोबाईल उलटा ठेवला. ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत होतं.

"म्हातारी बाई घरी कधी येते?" त्यांनी विचारलं.

"बुधवारी."

"घाटेले म्हण, फोडली तर आठ दिवस धूळ बसत नाही. बुधवारी आईले कसा आणशीन? फोडू नको, झाक म्हण." ते दम घ्यायला थांबले. "प्लास्टिक अंथरायचं. त्याच्यावर ओली वाळू अन् चुना. सिमेंटाचा कणही नाही. वरून खरखरीत टाइल. दोन दिवसांत होते."

"पण दिसणार नाही ना बाबा कोणाले."

"नाही दिसणार. पण उद्या कोणाले पाहाची असन तर वरचा थर निघाला पाहिजे."

घाटे फोनवर कुरकुरले. जमीन तीन इंच वर येईल, दारं खालून तासावी लागतील. पण धुळीचं ऐकून ते तयार झाले.

सोमवारी मिनलनं बाबांना सिलिंडरसकट ऑटोत घातलं. दारात खुर्ची ठेवली, ओल्या फडक्यानं फरशी पुसली. अनंत मिस्त्री खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसले आणि बसल्या बसल्या सरकत पार मधोमध गेले. त्यांनी ऑर्फियसच्या गालावरून अंगठा फिरवला. एका सांध्यावर नख अडकलं तसे ते थांबले. मग वाघाकडे वळले.

"कान मी केला होता का तू?"

"तुम्ही."

"बरा फुटला. मोठाच झाला होता."

मिनल हसली नाही. तिला हसायचं होतं.

"टाक आता," ते म्हणाले.

तिनं प्लास्टिक पसरलं. त्याखालून रंग दिसत होते, पाण्याखालून दिसावेत तसे. मग वाळू-चुन्याचं पहिलं घमेलं ओतलं, आणि लंगूर गेला. नीलगाय गेली. प्रत्येक घमेल्याला ती बाबांकडे पाही, ते मान हलवत. ऑर्फियसपाशी आल्यावर तिच्याच्यानं घमेलं उलटवेना. ती ते कमरेवर धरून उभी राहिली.

"मिनल," बाबा म्हणाले, "माल सुकून राहिला."

तिनं घमेलं उलटं केलं.