पायऱ्या नाहीत

मित्रांनो, मी जुनी पाटी आहे, पण माझ्याकडे पाहून तुम्हाला ते कळणार नाही. दर दोन वर्षांनी मला रंग मिळतो. दर सोमवारी माळी ओल्या फडक्याने माझे तोंड पुसतो. माझे दोन्ही पाय सिमेंटमध्ये पक्के आहेत. तेव्हा माझी कीव करायच्या तयारीने बसला असाल, तर राहू द्या. म्हातारी वस्तू शेवटी रडते आणि म्हणते, माझी काळजी घ्या. मी तसे म्हणणार नाही. माझी काळजी फार घेतली गेली. तक्रार तीच आहे.

मी तळ्याच्या बागेत, फाटकाच्या आत, तिकिटाच्या खिडकीशेजारी उभी आहे. तळ्याला वळसा घालून एक वाट जाते. मला बसवणाऱ्यांनी माझे तोंड तळ्याकडे केले, त्यामुळे मला वाचणारा तळ्याकडे पाठ करून उभा राहतो. हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

माझ्या अंगावर आठ ओळी मावतात. आज हे लिहिलेले आहे:

तळ्याकाठची सोपी वाट
अंतर बाराशे मीटर
चढ नाही
पायऱ्या नाहीत
दर शंभर मीटरवर बाक
पायी, काठीने किंवा चाकांच्या खुर्चीतून
सर्वांसाठी

सात झाल्या. आठव्या ओळीच्या जागी पांढरा रंग बाकीच्यापेक्षा जरा जास्तच पांढरा दिसतो. तिथे काय होते आणि ते का गेले, एवढेच मला सांगायचे आहे.

मी आधी पत्रा होते. पत्र्याचे आयुष्य सांगण्यासारखे नसते. मला कापले, चौकटीत ठोकले, प्रायमर लावला आणि पेंटरच्या दुकानात भिंतीला टेकवून ठेवले. बागेच्या साहेबांनी मजकूर टाइप करून पाठवला होता. पेंटरने तो वाचला आणि ब्रश खाली ठेवला. म्हणाला, वाट बघून येतो. साहेबांना हसू आले. बघायचे काय त्यात, मजकूर तयार आहे, असे ते म्हणाले.

"मजकूर तुमचा, अक्षर माझं," पेंटर म्हणाला. "न बघता नाही लिहीत मी."

दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन आला. आईचे पाय गेले होते. मी तेव्हा नुसती पांढरी होते. अक्षरांची जागा फाटकापाशी नीट दिसते का, हे पाहायला मलाही आणले होते, म्हणून पुढचे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. पेंटरने आईच्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला दिला आणि तिची चाकांची खुर्ची ढकलत निघाला. पाणी सांडेल तिथे तो थांबून खडूने खूण करणार होता.

"मला फिरायला आणलंस की मापायला?" आईने विचारले.

"दोन्ही."

"मग माझे कपडे भिजले तर तेही पाटीवर लिही."

बाराशे मीटरांत पाणी एकाच ठिकाणी सांडले. चौथ्या बाकापुढे खडी होती. परत आल्यावर आईने उरलेले पाणी पिऊन टाकले आणि वाट चांगली आहे असे सांगितले. पेंटरने टाइप केलेल्या सात ओळी लिहिल्या आणि आठवी स्वतःची घातली: चौथ्या बाकापुढे खडी आहे, जपून. साहेबांनी नाक मुरडले, पण राहू दिली. वर्षभराने खडीवर फरशी बसली, तेव्हा पेंटर पुन्हा आईला आणि पेल्याला घेऊन आला. पाणी सांडले नाही. मग त्याने आपल्याच हाताने आठवी ओळ पुसली.

तेव्हा वाट आणि मी एकच बोलत होतो.

हे सगळे खिडकीतून आणखी कोणीतरी पाहत होते. तिकिटे देणाऱ्या बाईंना सगळे खिडकीमावशी म्हणत. अठरा वर्षे त्या तिथे बसल्या. कोणी म्हाताऱ्या माणसाला घेऊन आले आणि बिचकत उभे राहिले, की त्या मान बाहेर काढून सांगत, "बिनधास्त जा. हे लिहिणाऱ्याने आईच्या हातात पाणी देऊन लिहिलंय." माझी एवढी तारीफ दुसऱ्या कोणी केली नाही. त्या स्वतः मात्र एकदाही वाटेने गेल्या नाहीत, कारण वाट उघडी असेपर्यंत खिडकीही उघडी असायची. निवृत्त झाले की आम्ही दोघे फिरू, असे त्या म्हणत. त्यांचे यजमान विजेचे मीटर वाचायला घरोघर हिंडत. ते म्हणत, दिवसभर तंगडतोड करतो ती पगारासाठी, फुकट कोण चालेल?

मग बाई निवृत्त झाल्या. त्याच वर्षी मीटरवाल्यांची उजवी बाजू लुळी पडली.

इकडे तळ्याचे जास्तीचे पाणी बाहेर नेणारा एक पाइप सातव्या बाकापाशी वाटेवरून टाकला गेला. खोदून खालून न्यायला वेळ लागला असता. वरून नेला, सिमेंटने झाकला, आणि लोकांना ओलांडता यावा म्हणून इकडून तीन पायऱ्या चढायला, तिकडून तीन उतरायला केल्या. तीनच तर आहेत, साहेब म्हणाले. तीनच तर, मुकादम म्हणाला. सातवा बाक माझ्या बरोबर समोर, पलीकडच्या काठावर आहे. मला त्या सहाही पायऱ्या दिसतात.

माझ्या रंगाची वेळ आली. पेंटरची आई आता नव्हती. त्याचा गुडघा सुजलेला होता. त्याने साहेबांना विचारले, वाट तीच ना? साहेब म्हणाले, तीच, वाट जाते कुठे? अक्षरांवरून हात फिरवा, झालं.

पेंटर स्टुलावर बसला. मला रंगवणारा माझ्याकडे तोंड करून बसतो, तेव्हा तळे त्याच्या पाठीमागे असते. दिवसभर तो माझ्या अंगावर सुबक, काळी, ताठ अक्षरे काढत होता, आणि दिवसभर मी त्याच्या खांद्यावरून त्या पायऱ्या पाहत होते. चौथ्या ओळीला त्याने रंगाचे दोन हात दिले. एकदा, फक्त एकदा, तो पाठ मोकळी करायला उठला. मला वाटले, वळेल. त्याने गुडघा चोळला आणि पुन्हा बसला.

इतकी सुंदर मी कधीच दिसले नव्हते.

मित्रांनो, आता मीटरवाल्यांची अट ऐका. आजारपणात घरात त्यांना सारखे उचलावे लागे, पलंगावरून, न्हाणीतून. दोन पुतणे येऊन उचलत. ते त्यांनी सोसले. पण घराबाहेर, लोकांदेखत, कोणी उचललेले चालणार नाही, असे त्यांनी बायकोला निक्षून सांगितले होते. म्हणून दीड वर्ष ते बाहेरच पडले नव्हते. बाईंना एकच जागा माहीत होती, जिथे उचलावे लागणार नाही.

एका सकाळी त्या त्यांना चाकांच्या खुर्चीतून घेऊन आल्या. इस्त्रीचा सदरा, पॉलिश केलेले बूट. बुटांचे तळ स्वच्छ होते. बाई माझ्यासमोर थांबल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. चौथी ओळ दाखवायला त्यांनी हात वर केला.

"परत वाच," ते म्हणाले.

"पायऱ्या नाहीत."

"बघ हं. कोणाला हात लावू देणार नाही मी."

"अहो, हे लिहिणारा माणूस मला माहीत आहे. शब्द देते तुम्हाला."

ते गेले. पहिला बाक, दुसरा बाक. तिसऱ्यापाशी मीटरवाले डाव्या हाताने पाण्याकडे काहीतरी दाखवत होते. पाचव्यापाशी दोघे हसत होते, हे मला इतक्या लांबूनही दिसले. सातव्याला खुर्ची थांबली.

तिथे एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला सिमेंट. खुर्ची वळवायला जागा नव्हती. बाई ती मागे ओढायला लागल्या, तेवढ्यात मागून फिरायला आलेले चार-पाच जण पोहोचले. भली माणसे होती. बाईंनी हात वर केला. नको म्हणायला केला असणार. त्यांना वाटले, मदतीला बोलावताहेत. त्यांनी चार बाजूंनी खुर्ची धरली आणि मीटरवाल्यांना उचलले. तीन वर, तीन खाली. माझ्यापर्यंत टाळ्यांचा आवाज आला.

फाटकापर्यंत ती माणसे सोबत आली. सगळी खुशीत होती. एक जण म्हणाला, "काका, राजासारखं आणलं की नाही?" दुसरा बाईंना म्हणाला, "तीनच तर पायऱ्या होत्या, मावशी."

मीटरवाल्यांच्या मांडीवर त्यांचा एक बूट होता. उचलताना निसटला असेल. ते माझ्याकडे बघत होते. ओळ न् ओळ, मीटर वाचावा तसे.

"घरी चल," ते म्हणाले.

त्यानंतर ते कुठेच गेले नाहीत.

बाई एकट्या आल्या, महिन्याभराने, पेंटरला घेऊन. पिशवीतून त्यांनी पेला काढला, नळावर काठोकाठ भरला आणि त्याच्या हातात दिला. "जाऊन या," एवढेच म्हणाल्या. तो गुडघा ओढत गेला. मी त्याला सातव्या बाकापाशी पाहिले. मग तो पायऱ्या चढला. पहिल्या पायरीवर डगमगला, दुसरीवर त्याने कठडा धरला.

परत आला तेव्हा पेला रिकामा होता.

"या खेपेला बघितलं नाही मी," तो म्हणाला.

"मी आयुष्यभर लोकांना सांगत आले हो," बाई म्हणाल्या. "आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, तुमच्यावर नाही."

पेंटरने तिथेच डबा उघडला आणि माझ्या आठव्या ओळीत लिहिले: सातव्या बाकाजवळ पायऱ्या आहेत. अक्षर वाकडे आले. माझ्या अंगावरची ती एकच कुरूप ओळ, आणि ती एकच खरी.

साहेब म्हणाले, मंजूर मजकुरात भर घालता येत नाही, अर्ज करा. शिवाय वर पायऱ्या नाहीत आणि खाली आहेत, हे बरे दिसत नाही. तेही खरेच होते. पेंटरने अर्ज केला. सोमवारी माळ्याने ओल्या फडक्याऐवजी टर्पेंटाइनचे फडके आणले. पेंटरने ओळ पुन्हा लिहिली. ती पुन्हा पुसली गेली. तिसऱ्यांदा त्याला फाटकातच अडवले. सरकारी पाटी खराब करणारा माणूस, असे पहारेकऱ्याला सांगून ठेवले होते.

मागच्या महिन्यात बाहेरून पाहुणे आले होते, सर्वांसाठी वाट कशी असावी ते पाहायला. साहेबांनी त्यांना माझ्यासमोर आणले. त्यांनी माझ्या बाजूला उभे राहून फोटो काढले. वाटेने कोणी गेले नाही, ऊन वाढले होते.

तर मित्रांनो, मला रंग देऊ नका. माझे तोंड पुसू नका. मला गंजू द्या, अक्षरे उडून जाऊ द्या. कोरा पत्रा कोणाला शब्द देत नाही. काळजी घ्यायचीच असेल तर वाटेची घ्या. आणि तेही जमणार नसेल, तर निदान मला वाचून झाल्यावर एकदा मागे वळा.

मी त्याच दिशेने पाहत उभी आहे.