वरच्या तीन पायऱ्या

चोपड्याच्या फुटबॉल स्पर्धेला यंदा बाहेरगावचे मोठे संघ येणार म्हटल्यावर समितीचे अध्यक्ष हेमराजभाऊ हरखून गेले. दरसाल बांबूची चार पायऱ्यांची गॅलरी पुरायची. यंदा त्यांनी मंडपवाल्या अन्वरला सांगितलं, वर आणखी तीन चढव. अन्वरने मान खाजवली, पण नाही म्हणाला नाही. सप्ताहात कीर्तनाला दोघांनी मिळून अशीच सात पायऱ्यांची उभारली होती. माणूस ठासून बसला, तरी बांबू कुरकुरला नव्हता. तेव्हा पांडुरंगाने सांभाळलं, आता का नाही सांभाळणार, असं भाऊ चारचौघांत म्हणाले. त्यावर सुनंदाबाईंनी नवऱ्याला टोमणा मारलाच, की देवाला तुमच्या बांबूंचा ठेका कोणी दिला?

अंतिम सामन्याला त्याच सुनंदाबाई नातीला, मोहिनीला, घेऊन थेट सातव्या पायरीवर जाऊन बसल्या.

पहिला गोल झाला आणि अख्खी गॅलरी एका दमात उठली. टाळीसाठी उचललेले भाऊंचे हात तसेच राहिले. वाऱ्यात केळीची बाग लवावी तशी ती गॅलरी लवली आणि कशीबशी सरळ झाली.

गॅलरीखालून अन्वर धावत त्यांच्याकडे आला. त्याच्या मुठीत तुटलेला सुंभ होता.

"भाऊ, आपला अंदाजच चुकला," तो हळूच म्हणाला. "कीर्तनात माणूस बसून डोलतो. इथं बठ्ठे लोक एकदम उड्या मारतात. वरच्या गाठी सरकल्यात."

"मग उतरवू सगळ्यांना."

"ओरडून सांगाल तर पळतील. पळाले की संपलं."

मध्यंतराची शिटी झाली. भाऊंनी माइक हातात घेतला. गर्दी न ढकलता कधी उठते? पंगतीला. खेळाडूंसाठी आणलेली भाऊंच्या मळ्यातली ट्रॅक्टरभर केळी तयारच होती.

"मंडळी, प्रसाद आहे," ते म्हणाले. "आज वरच्या पंगतीचा मान पहिला. एक ओळ उतरली की दुसरी. घाई नको, देव कुठं पळत नाही."

वरून सुनंदाबाईंचा आवाज आला, "हाई काय शे? सामना अर्धा आन् प्रसाद कसाना?" माणसं हसली, आणि हसत हसत बाजूच्या जिन्याने उतरू लागली.

भाऊंच्या तोंडून सवयीने नाम निघालं. लगेच टाळ्या सुरू झाल्या, पावलं तालात पडू लागली, जिना धडधडला. अन्वरने त्यांचं मनगट धरलं. "भाऊ, ठेका नको."

जन्मात नाम थांबवलं नव्हतं त्या माणसाने ओठ मिटले. आत मात्र ते चालूच होतं. मोहिनीचं पाऊल मातीला लागलं तेव्हा त्यांनी श्वास सोडला. तरी चौथ्या, तिसऱ्या, खालच्या पायरीवरचा शेवटचा म्हातारा उतरेपर्यंत ते हलले नाहीत.

उरलेला सामना लोकांनी मैदानाच्या कडेला मातीत बसून पाहिला. दुसरा गोल झाला, सगळे नाचले, आणि रिकामी गॅलरी जागच्या जागी उभी. मग काय, केळं देऊन अध्यक्षांनी जागा पळवली, असं जो तो म्हणू लागला. खरंच उगाच घाबरलो की काय, असं भाऊंच्याही मनात येऊन गेलं.

मैदान रिकामं झाल्यावर अन्वरने दुरूनच एक दोर ओढला. एकच. वरच्या तिन्ही पायऱ्या कडाडत मागे कलंडल्या आणि धुळीत पडल्या.

सुनंदाबाईंनी हातातलं अर्धं केळं तसंच ठेवून मोहिनीला उचलून कडेवर घेतलं. आज टोमणा आला नाही. भाऊंनी टोपी काढली. नाम घेत त्यांनी अन्वरपुढे हात जोडले.