चार वाजताच्या बातम्या

कर्नल तेरकुला अग्बेर दोन वर्षं राज्याचे गव्हर्नर होते, आणि त्या दोन वर्षांत त्यांनी एकही पूल बांधला नव्हता. पूल बांधणारा हाडाचा फौजी माणूस, पण इथे नुसत्या फिती कापून कंटाळला होता.

लागोसहून लष्करी सरकार आज नवे गव्हर्नर जाहीर करणार, ही कुणकुण सकाळीच लागली होती. खुर्ची जाण्याचं त्यांना काडीचं दुःख नव्हतं. धास्ती एकच, खुर्चीबरोबर वर्दीही काढून घेतली तर? आपण निवृत्त झालो हे इथे अधिकाऱ्याला स्वतःलाही रेडिओवरूनच कळायचं.

चार वाजता दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. ठेकेदार, गावोगावचे चीफ, दाराशी ढोल बडवत साहेबांची स्तुती गाणारा भाट. रेडिओवर राज्याचं नाव आलं आणि पाठोपाठ नौदलाच्या कुणा कमांडरचं. क्षणात खोली ओस पडली. ठेकेदार ओबासी तेवढा "एका मिनिटात आलो हं, साहेब" म्हणाला आणि गेला तो गेलाच. भाट तर फाटकातच नव्या साहेबाच्या नावाचा सराव करू लागला.

मग निवृत्तांची यादी सुरू झाली, ज्येष्ठतेच्या क्रमानं. कर्नलसाहेबांच्या पत्नीनं, इवेरेननं, त्यांचा हात घट्ट धरला.

"तुमच्या वर कोण?"

"उमारू. मग मी. माझ्याखाली एक्पो."

उमारूचं नाव आलं. साहेब रेडिओकडे झुकले.

मग आलं ते एक्पोचं.

"वगळलं! इवेरेन, मला वगळलं गं!" पन्नाशीचा माणूस ढसाढसा रडू लागला.

"अहो, रडताय काय? नोकरी वाचलीय तुमची!"

"बिचारा उमारू," ते डोळे पुसत म्हणाले. तेवढ्यात बदल्यांच्या यादीत त्यांचं नाव आलं: लष्कराच्या पूल-बांधणी शाळेचे प्रमुख. आता मात्र ते मोकळेपणी हसले.

म्हातारा आचारी अक्पान दारातून डोकावला; साहेबांना तो 'ओगा', म्हणजे मालक, म्हणायचा. "ओगा, वीस माणसांचं कोनफळ कुटून ठेवलंय. आता ते गिळायला आहे कोण?"

"पहाऱ्यावरच्या शिपायांना वाढ. आम्हा दोघांपुरतं ठेव."

"मग दोन ताटं लावू?"

"एकच लाव," इवेरेन म्हणाली. "दोन वर्षं मी यांच्यापासून अठरा खुर्च्या लांब बसून जेवलेय."